वस्तादांवर राज्य आलं

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक तालीम होती. ही गोष्ट त्या तालमीच्या वस्तादांची.

वस्तादांचं नाव हैबती. चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना कुस्ती शिकवली होती. मान जाडजूड, कान मोडलेले आणि आवाज असा की त्यांनी तालमीत हाक दिली तर नदीपलीकडच्या शेतात वाकलेला माणूससुद्धा चटकन सरळ उभा राहायचा. गावातली मोठी माणसंही त्यांच्यासमोर जपून बोलायची.

त्यांना अजिबात न भिणारं माणूस गावात एकच होतं. ती त्यांची नात, गोजरा. सात वर्षांची. ती त्यांच्या खांद्यावर बसायची, लगाम धरावा तसे त्यांचे दोन्ही कान धरायची आणि त्यांना नदीपर्यंत नेऊन परत आणायची. वस्ताद मुकाट्यानं जायचे.

एके वर्षी भाद्रपदात गावात तापाची साथ आली. घरोघरी पोरं अंथरुणाला खिळली. ताप हळूहळू उतरला, सगळी वाचली, पण पार वाळून गेली. दहा पावलं चालली की धाप लागायची. गोजराचं दुखणं सगळ्यांत लांबलं. दोन महिने ती निजून होती. उठली तेव्हा तिचा उजवा गुडघा आखडलेला होता. तो पुरता वाकतही नव्हता आणि पुरता सरळही होत नव्हता.

वैद्यबुवांनी गुडघा दाबून पाहिला. ते म्हणाले, "तेल देतो मी चोळायला. पण नुसत्या तेलानं गुडघा मोकळा होत नाही. तो हलला पाहिजे. रोज हलला पाहिजे. होळीपर्यंत पाय वापरात आला तर बरं. नाहीतर मग तो असाच राहील."

मग ते वस्तादांकडे वळले. "आणि वस्ताद, नुसती हीच नाही. गावातल्या सगळ्याच पोरांना घाम यायला हवा. घरात बसून ती कधी भरायची नाहीत."

वस्तादांना हेच ऐकायचं होतं. "घाम माझ्याकडे सोडा," ते म्हणाले. "सगळी पोरं सकाळी तालमीत पाठवा. महिन्याभरात दगड फोडतील."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चौदा मुलं तालमीसमोर उभी राहिली. थंडीचे दिवस होते. वस्तादांनी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि बैठका सुरू केल्या. एक. दोन. तीन. ते मोजायचे आणि पोरं वर-खाली व्हायची. जो चुकला त्याला पाच जादा. जो उशिरा आला त्याला दहा जादा. मधे कुणी हसलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

गोजराला त्यांनी रांगेच्या टोकाला उभं केलं होतं. भिंतीचा आधार घेऊन तिनं गुडघा दहा वेळा वाकवायचा, इतकंच काम. पण तिच्या बाबतीत वस्ताद जास्तच कडक झाले. होळी मनातून जात नव्हती. रात्री ते तिच्या पायाला हळुवार हातानं तेल चोळायचे आणि सकाळी तोच माणूस तिच्यासमोर उभा राहून म्हणायचा, "सात झाले. अजून तीन. तोंड वाकडं करायचं नाही."

गोजरा तोंड वाकडं करायची नाही. ती बोलेनाशीच झाली.

आठवडा झाला आणि पोरं गळायला लागली. कुणाचं पोट दुखायचं, कुणाची मावशी आलेली असायची. कुंभाराचा मुलगा घरच्या धान्याच्या रिकाम्या कणगीत जाऊन बसला आणि तिथंच झोपला. अर्ध्या गावानं त्याला विहिरीपर्यंत शोधलं. पंधराव्या दिवशी तालमीसमोर तीनच मुलं होती. त्यातली एक गोजरा, कारण ती वस्तादांच्याच घरात राहत होती, जाणार कुठं.

एका सकाळी सहाव्या वेळेला ती थांबली.

"आबा," ती म्हणाली, "हा पाय मला आता आवडत नाही."

वस्ताद म्हणाले, "आवडायचा प्रश्न नाही. चार राहिलेत."

त्यानंतर ती रोज सकाळी म्हणू लागली की पाय फार दुखतोय. खरंच दुखत असेल तर जबरदस्ती कशी करायची? उरलेली दोघंही येईनाशी झाली. वस्ताद एकटेच तालमीत जायचे, आणि तालमीत कुणी नसलं तरी सवयीनं स्वतःच्या बैठका मोजायचे. मार्गशीर्ष लागला. वैद्यबुवा येऊन गुडघा बघून गेले. फरक नव्हता. जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "दुखतो म्हणून ती हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून दुखतो. यातून मार्ग काढा, वस्ताद. दिवस थोडे राहिलेत."

त्याच सुमारास वस्तादांच्या रानात धनगरांचा कळप उतरला. दरवर्षी पीक निघाल्यावर मेंढरं शेतात बसवायची, म्हणजे जमिनीला खत मिळतं, अशी त्या भागातली रीत होती. कळपाबरोबर ठकूबाई नावाची एक बाई, तिचा नवरा आणि घरातली पाच-सहा पोरं होती. ठकूबाई वयानं वस्तादांच्या सुनेएवढी, पण बोलायला कुणाची भीड न धरणारी.

त्या सकाळीही गोजरानं पाय दुखतोय म्हणून सांगितलं. वस्ताद तालमीत गेले. तिची आई शेतावर निघाली होती, तिनं गोजराला कडेवर घेतलं आणि सोबत नेलं. बांधावर घोंगडीवर बसवलं आणि ती कामाला लागली.

जरा वेळानं एक कोकरू वाघरातून, म्हणजे कळपाभोवती लावलेल्या जाळीतून, निसटलं आणि थेट गोजराच्या घोंगडीवर येऊन उभं राहिलं.

ठकूबाई लांबून म्हणाली, "पोरी, धर गं त्याला जरा. लई नाठाळ आहे ते."

गोजरानं हात पुढे केला. कोकरू दोन पावलं मागं सरलं. ती उठली आणि लंगडत पुढे गेली. कोकरू तिची वाट बघत थांबलं, आणि ती जवळ येताच पुन्हा उडी मारून पळालं. असं करत करत ते तिला पार वाघरापर्यंत घेऊन गेलं. तिथं ठकूबाईची पोरं खेळत होती. एक पोर मेंढका झालेलं, हात पसरून पुढे उभं. त्याच्या मागं एकमेकांची कंबर धरून बाकीची मेंढरं. समोर लांडगा. लांडग्यानं शेवटच्या मेंढीला शिवायचं आणि मेंढक्यानं आडवं यायचं.

"येतेस का?" लांडग्यानं विचारलं.

"माझा पाय वाकडा आहे," गोजरा म्हणाली.

"मग मधे उभी राहा. कंबर घट्ट धर."

ती मधे उभी राहिली.

इकडे तालमीत वस्तादांना करमेना. वैद्यबुवांचं बोलणं डोक्यात घोळत होतं. ते घरी आले. सून गोजराला रानात घेऊन गेल्याचं कळलं, तसे ते रानाकडे निघाले. बाभळीपाशी पोचले आणि तिथंच उभे राहिले.

मेंढरांची रांग सापासारखी वळत होती. लांडगा डावीकडे आला की सगळी उजवीकडे, तो उजवीकडे आला की सगळी डावीकडे. लांडगा खाली वाकला की सगळी वाकायची आणि पुन्हा उठून पळायची. आणि त्या रांगेच्या मधोमध गोजरा होती. तिचे केस सुटले होते, तोंड लाल झालं होतं आणि ती मोठ्यानं हसत होती. ताप आल्यापासून वस्तादांनी ते हसणं ऐकलं नव्हतं.

सवयीनं त्यांचं लक्ष तिच्या गुडघ्याकडे गेलं आणि सवयीनंच ते मनात मोजू लागले. गुडघा वाकला, एक. पुन्हा वाकला, दोन. दहा झाले. वीस झाले. साठ झाले, आणि मग मोजणंच राहून गेलं.

आधी त्यांना राग आला. पाय दुखतोय म्हणाली होती. म्हणजे पोरगी खोटं बोलली. नात असली म्हणून काय झालं, खोटं ते खोटं. ते बाभळीमागून बाहेर आले आणि ताड ताड चालत रानात शिरले.

पोरं जागच्या जागी थांबली. गोजरानं वळून बघितलं. तिचं हसू गेलं. तिनं हळूच खाली वाकून दोन्ही हातांनी गुडघा धरला, आणि जो पाय आत्ता पळत होता तो लंगडत दोन पावलं मागं सरला.

वस्ताद थांबले. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती ढोंग करत नव्हती. तिला खरंच दुखत होतं. आपल्याला बघितलं आणि हिचा पाय दुखायला लागला, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पंचवीस वर्षांपूर्वी एका मैदानात त्यांची बरगडी मोडली होती. तेव्हासुद्धा छातीत असं झालं नव्हतं.

मग वाघराशी गाठ मारत बसलेली ठकूबाई म्हणाली, "वस्ताद, असं मधे उभं राहू नका. एक तर आत या, नाहीतर माघारी जा. मोठं माणूस नुसतं बघत उभं राहिलं की पोरांचा खेळ बसतो."

माघारी जाणं सोपं होतं. गोजराचा हात धरून तिला तालमीत नेणं तर त्याहून सोपं. वस्तादांनी डोक्याचा पटका सोडला, घडी करून बांधावर ठेवला आणि विचारलं, "राज्य कुणावर आहे?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. लांडगा झालेलं पोर चाचरत म्हणालं, "माझ्यावर. पण मी दमलोय."

"मग मी होतो लांडगा," वस्ताद म्हणाले.

लांडगा फारच वाईट निघाला. अंगानं मोठा, वळायला जड. तो इकडे वळेपर्यंत रांग तिकडे गेलेली असायची. शेवटी वस्ताद मागच्या टोकाच्या मेंढीवर झेप घ्यायला गेले, मेंढी बाजूला सरली, ढेकळात पाय अडकला आणि हैबती वस्ताद पाठीवर आपटले. अख्ख्या पंचक्रोशीत ज्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, ते मेंढरांच्या लेंड्यांत उताणे पडले होते.

पोरांनी श्वास रोखला. वस्ताद आभाळाकडे बघत तसेच पडून राहिले, आणि मग त्यांचं पोट हलू लागलं. ते हसत होते. गोजरा पळत त्यांच्याजवळ आली, गुडघे टेकून बसली आणि तिनं त्यांना उठवायला दोन्ही हात पुढे केले.

"आबा, लांडगा असा सरळ नाही धावत," ती म्हणाली. "आधी एकीकडे जायचं दाखवायचं आणि मग दुसरीकडे जायचं."

"अजून एकदा दाखव," वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी गावात सांगितलं की तालमीत आता बैठका नाहीत, खेळ आहे. सगळी चौदा मुलं आली. पण चाळीस वर्षांची सवय एका दिवसात कुठली जायला. वस्तादांनी खेळही बैठकांसारखाच घेतला. सगळ्यांना रांगेत उभं केलं, लांडगा कोण ते स्वतः ठरवलं, आणि जी मेंढी धरली जाईल तिनं बाजूला जाऊन बसायचं असा नियम केला. शेवटपर्यंत टिकेल तो पहिला. जी मुलं आजारानं जास्त खंगली होती ती लगेच धरली गेली. थोड्या वेळानं पाहिलं तर तीन तगडी पोरं धावत होती आणि अकरा थंडीत कुडकुडत बसली होती. गोजरा त्या अकरांत पहिली होती.

घरी येताना वस्तादांनी विचारलं, "आज मजा नाही आली का गं?"

गोजरानं आधी त्यांचा हात धरला. मग म्हणाली, "रागावणार नाही ना?"

"नाही."

"तुम्ही धरलेल्याला बसवता. ठकूबाईची पोरं बसवत नाहीत. धरलेली मेंढी लांडग्याच्या मागं लागते, तीपण लांडगा होते. म्हणजे सगळे पळतात." तिनं त्यांच्याकडे वर बघितलं. "आणि तुम्ही ओठ हलवता. मोजता तेव्हा कळतं आम्हाला."

वस्तादांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "उद्याचा खेळ तू ठरव."

तेव्हापासून रोज एका मुलानं खेळ ठरवायचा असं झालं. कुणी लंगडी मागायचं, कुणी विष-अमृत, कुणी वडाखाली नेऊन सूरपारंब्या. गोजराला लगोरी आवडायची. चेंडू मारायला तिला नेम नव्हता, पण पडलेल्या सात ठिकऱ्या पुन्हा एकावर एक रचायचं काम ती हक्कानं मागून घ्यायची. पहिल्या दिवशी ती पाय बाजूला लांब करून रचायची. मग अर्धी वाकून. संक्रांतीनंतर एके दिवशी ती पटकन दोन्ही पायांवर उकिडवी बसली, ठिकऱ्या रचल्या आणि उठून पळाली. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. वस्तादांच्या आलं. त्यांनी तोंड फिरवून पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि धूळ गेली असं म्हणाले.

कुठल्या खेळात कुठला अवयव कसा हलतो हे वस्तादांना सगळं कळत होतं. दमलेल्या पोरांना ते गोट्यांकडे वळवायचे, आळसावलेल्यांना साखळीकडे. पण यातलं काही ते बोलून दाखवायचे नाहीत. बोललं की खेळाची पुन्हा बैठक होते, हे ते शिकले होते.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. तालमीतून आरडाओरडा आणि हसणं ऐकू येतं, वस्ताद स्वतः पोरांमागं धावतात, मातीत लोळतात. फाल्गुन लागला, होळी जवळ आली तेव्हा पाटील चार जाणत्या माणसांना घेऊन तालमीत आले. वैद्यबुवाही त्यांच्याबरोबर होते.

पाटील म्हणाले, "वस्ताद, तुमचा मान राखून विचारतो. पोरं घट्ट करायला तुमच्याकडे दिली होती. तुम्ही तर त्यांना नुसतं खेळवताय. परवा होळी. आज सगळ्यांच्या पन्नास बैठका काढून दाखवा, म्हणजे गावाच्या जिवाला बरं वाटेल."

वस्तादांनी पोरांकडे पाहिलं. पन्नास बैठका त्या पोरांना आता जड नव्हत्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी एक हाक दिली असती तर चौदाच्या चौदा रांगेत उभी राहिली असती आणि चाळीस वर्षांचं नाव तिथल्या तिथं राखलं गेलं असतं. पण गोजराचा हात गुडघ्याकडे गेलेला त्यांना दिसला.

"बैठका नाही काढायच्या," ते म्हणाले. "पोरं घट्ट झालीत का हे बघायचं असेल तर तुम्ही आत या. तुम्ही पाच जण लांडगे. यातलं एक पोर शिवून दाखवा. नाही शिवता आलं तर मला पुन्हा विचारू नका."

पाटलांना हसू आलं. त्यांनी जोडे काढले. बाकीच्यांनी धोतरं आवरली.

त्यानंतर तालमीसमोर जे झालं ते बघायला बाया हातातलं काम टाकून आल्या. पाटील डावीकडे धावले तर पोरं उजवीकडे. एका म्हाताऱ्यानं कुंभाराच्या मुलाला धरलंच होतं, तो वाकून त्याच्या हाताखालून निसटला. जरा वेळानं दोघं जण तालमीच्या ओट्यावर बसून धापा टाकत होते. पाटलांचं पागोटं सुटून गळ्यात आलं होतं आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. पोरं अजून ताजीतवानी होती. "चला ना, अजून एक डाव," असं पाटलांच्या मागं लागली होती.

पाटील कसेबसे म्हणाले, "वस्ताद, पुन्हा नाही विचारणार." आणि पाणी मागितलं. पोरांनी मग आपसातच नवा डाव मांडला.

वैद्यबुवा धावण्यात नव्हतेच. ते एकीकडे थांबून गोजराकडे बघत होते. तिच्या चालीत थोडी लचक राहिली होती, ती पुढेही राहिली. पण गुडघा वाकत होता, सरळ होत होता आणि तिला पाहिजे तिथं नेत होता.

त्यांनी हाक मारली, "गोजरा, इकडे ये बाळ. गुडघा बघू दे जरा."

"नंतर," गोजरा पळता पळता म्हणाली. "आत्ता माझ्यावर राज्य आहे."

वैद्यबुवा हसले आणि तालमीच्या ओट्यावर, वस्तादांशेजारी, तिचा डाव संपायची वाट बघत बसले.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: मुलांचं अंग हुकमानं घट्ट होत नाही, ते आनंदानं होतं, म्हणून त्यांनी पळावं असं ज्या मोठ्या माणसाला वाटतं, त्यानं मोजत उभं न राहता आधी स्वतः खेळात उतरावं.